नोकरी, घर आणि अंगावर काढलेली दुखणी

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांची आहेत आणि त्यातली बहुतेक "छोटंसंच आहे पण विचारते" अशी सुरू होतात. वाचल्यावर छोटं काहीच निघालं नाही. म्हणून या वेळी पाचच घेतलीत, पण जरा सविस्तर.

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, डोंबिवलीला राहते, बँकेत ब्रँच मॅनेजर आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑफिसच्या चेकअपमध्ये हिमोग्लोबिन ८.६ आलं. पाळीत दोन वर्षांपासून खूप जातंय, गाठीही पडतात, स्टेशनचा जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली होती, पण मग गणपती आले, दिवाळी झाली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाची दहावी, मार्च एंडिंग, अकरावीची ॲडमिशन, असं करत करत वर्ष गेलं आणि तो कागद अजून पर्समध्येच आहे. ब्रँचचं एकही रिटर्न माझ्यामुळे कधी लेट गेलेलं नाही. मिस्टर म्हणतात तू स्वतःकडे दुर्लक्ष करतेस, आणि ते खरंय, पण का करते तेच मला कळत नाही. मी आळशी तर नाहीये ना, मग असं का होतं?

उत्तर : आधी कामाचं सांगते, मग "का" कडे वळू. ८.६ किरकोळ नाहीये हो. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, ८ च्या खाली गेलं की गंभीर, म्हणजे गंभीरच्या अगदी जवळ असताना तुम्ही वर्षभर ब्रँच चालवलीत, लोकल पकडलीत, ॲडमिशनच्या रांगेत उभ्या राहिलात. आणि हा आकडा एक वर्ष जुना आहे, आज किती आहे ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा या आठवड्यात सोनोग्राफी, आणि त्याच दिवशी रक्ताच्या तपासण्या, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड), आणि रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. नुसती लोहाची गोळी चालू करून भागणार नाही, कारण रक्त कुठून आणि का जातंय ते शोधायला हवं. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, असू शकतं, थायरॉइड असू शकतं, पाळी जायच्या आधीच्या वर्षांतली हार्मोन्सची गडबड असू शकते, आणि चाळिशीनंतर कधीकधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायची गरज पडते, ते तपासल्याशिवाय कुणी अंदाजाने सांगू नये, मी पण सांगणार नाही. मधल्या काळात धाप बसल्याजागी लागायला लागली, छातीत धडधड वाढली, चक्कर आली किंवा तासाभरात पॅड भरायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला जायचं.

गोळी डॉक्टर देतीलच, तर ती चहाबरोबर घेऊ नका, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर चांगली लागू पडते. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पोट बिघडतंय म्हणून चार दिवसांत सोडून देणाऱ्या खूप बायका बघते मी, तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, दिवसाआड घेऊनही चालते बऱ्याचदा. आणि हिमोग्लोबिन नॉर्मलला आलं की लगेच थांबवायची नसते, साधारण तीन महिने पुढे चालू ठेवावी लागते कारण शरीरातला लोहाचा साठा भरायचा असतो.

आता का. तुमच्या पत्रातली यादी परत वाचून बघा. रिटर्नची वाट हेड ऑफिस बघत होतं, दहावीची तारीख बोर्डाने दिली होती, मोतीबिंदूला ओटीची वेळ ठरलेली होती, ॲडमिशनला शेवटचा दिवस होता. तुमच्या सोनोग्राफीची वाट मात्र कुणीच बघत नव्हतं. ती नाही केली तर कुणाचा फोन येणार नव्हता, कुणाचं काम अडणार नव्हतं. घरातल्या सगळ्यांच्या तारखा डोक्यात ठेवायचं काम ज्या बाईकडे असतं, तिची तारीख ठेवायला घरात माणूसच उरत नाही. यात आळस कुठे आला?

मी पेशंटच्या घरी जाते तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. फ्रिजवर सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा असतो, सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला, दर रविवारी घरातली सून तो भरते, बीपीची पांढरी कुठली आणि शुगरची कुठली हे तिला न बघता सांगता येतं. आणि तिची स्वतःची लोहाची स्ट्रिप पर्सच्या आतल्या कप्प्यात, पास आणि बिलांच्या खाली दुमडलेली, दहातल्या तीन गोळ्या फोडलेल्या. सासऱ्यांची फाइल तारखेप्रमाणे लावलेली असते, तिचे रिपोर्ट लॅबने व्हॉट्सॲपवर पाठवलेले तसेच, काही वेळा उघडलेलेही नसतात.

वेळेचं म्हणाल तर सरकारनेच मोजून ठेवलंय. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, म्हणजे पाच तास, आणि पुरुषांची ९७. पुढचं सर्वेक्षण २०२४ चं, त्यात बायकांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली पण ती पुरुषांनी उचलली नाहीत, त्यांचीही नऊ कमीच झाली. आणि हे जे पुरुषांचे आकडे आहेत ते घरातलं काहीतरी काम करणाऱ्यांचे, जे काडीही हलवत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं बघणं यातही नाहीये, ते वेगळं मोजतात. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला पहिली लेडीज स्पेशल सुटली, तेव्हापासून त्या डब्यांत बायका मेथी निवडतायत, शेंगा सोलतायत, कारण घरी पोचल्यावरची ती वीस मिनिटं वाचतात, आणि त्या वाचलेल्या मिनिटांत त्या बसत नाहीत, पुढचं काम करतात.

पण मला विचाराल तर वेळ हे अर्धंच कारण आहे, कारण बायकांना शेवटी वेळ मिळाला तरी त्या जात नाहीत. खरी मेख अशी आहे की आपल्याकडे नवऱ्याची नोकरी घरासाठी धरतात आणि बायकोची नोकरी तिच्या स्वतःसाठी. तिच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जात असला तरी. त्यामुळे सकाळी साडेसातला घराबाहेर पडतानाच तिच्या मनात हिशोब होऊन जातो की माझा स्वतःचा वेळ मी घेतला, आता उरलेला घराचा. "नोकरी करते म्हणून घरात कुठे कमी पडलं असं कुणी म्हणायला नको" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, प्रोफेसर, नर्स, इंजिनिअर, माझ्या बरोबरीच्या डॉक्टर सुद्धा. त्या हिशोबात शनिवारचे दोन तास सोनोग्राफीला मागणं म्हणजे दुसऱ्यांदा हात पसरल्यासारखं वाटतं, मग नकोच ते, पुढच्या महिन्यात बघू.

आणि आपण तरी बाईच्या तब्येतीबद्दल कसं बोलतो बघा ना. २०२२ च्या नवरात्रात राज्य सरकारने महिलांच्या तपासणीची मोहीम काढली, नाव होतं "माता सुरक्षित तर घर सुरक्षित". २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आली, "स्वस्थ नारी, सशक्त परिवार". मोहिमा चांगल्याच आहेत, एरवी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या बायकांना त्यातून तपासणी मिळते, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तुम्ही बऱ्या राहा, का तर घर नीट चालेल, हे किती खोल बसलंय ते त्यातून कळतं. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की तुमचं घर तुमच्याविना अगदी सुरळीत चालत असतं ना, तरीसुद्धा ८.६ वर उपचार व्हायलाच हवेत, कारण धाप तुम्हाला लागतेय.

करायचं काय, तर सोनोग्राफीची तारीख आज घ्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, जिथे सिलिंडर आणि दूधवाल्याचं लिहिता तिथेच, ठळक. त्या दिवशी चक्क सीएल टाका, रविवारी कामं उरकून जाईन म्हणाल तर तो रविवार येत नाही. मिस्टरांना सांगा की "दुर्लक्ष करतेस" म्हणण्याऐवजी अपॉइंटमेंट तुम्ही घ्या आणि बरोबर चला. आणि तो अकरावीतला मुलगा आता मोठा झालाय, सगळ्यांच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी त्याने भरायचा, तुमच्या गोळ्यांसकट. रिपोर्ट आले की मला जरूर कळवा.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्षभरात तीनदा लघवीला जळजळ झाली, दर वेळी मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या की दोन दिवसांत बरं वाटतं. सगळे म्हणतात पाणी जास्त पी. पण मॅडम, शाळेत एकच संडास आहे, तोही मुलांचाच, कडी नाही, पाणी बाहेरून न्यायला लागतं, म्हणून मी सकाळी घरून निघते ती संध्याकाळी घरी येईपर्यंत जात नाही आणि म्हणून पाणीच पीत नाही. सवय झालीय आता.

उत्तर : सवय झाली असं मन म्हणतं, मूत्राशयाला असली सवय होत नसते. बाईची मूत्रनलिका लहान असते, त्यामुळे जंतू पटकन वर चढतात, आणि पाणी कमी, लघवी तुंबवलेली म्हणजे त्यांना वाढायला भरपूर वेळ. तीनदा झालंय तेव्हा आता मेडिकलवाला पुरे. लघवीची कल्चर तपासणी करा, तीही गोळी सुरू करायच्या आधी, त्यातून नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळतं, आणि मग सांगितलेला कोर्स पूर्ण करा. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडल्यामुळे जंतू चिवट होतात. साखर पण तपासून घ्या एकदा. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखलं तर किडनीपर्यंत गेलं असण्याची शक्यता असते, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना.

पण "पाणी पी" हा सल्ला तुम्हाला देणाऱ्यांनी आधी ते संडास बघून यावं असं मला मनापासून वाटतं. मुंबईत २०११ मध्ये बायकांच्या संघटनांनी "राइट टू पी" ही मोहीम सुरू केली ती याच साठी, फुकट आणि स्वच्छ मुतारी हा बाईचा हक्क आहे म्हणून. ट्रॅफिकमधल्या पोलीस ताई, औषध कंपन्यांसाठी दिवसभर फिरणाऱ्या एमआर, गावोगाव फिरणाऱ्या आशा ताई, सगळ्यांचं हेच रडगाणं आहे, आणि सगळ्याच जणी तो आपला खाजगी त्रास समजून गप्प बसतात. तुम्ही गप्प बसू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना आणि मुलींना स्वतंत्र स्वच्छतागृह शाळेत असलंच पाहिजे असं लिहिलेलं आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे त्या मीटिंगला बसलेल्या अर्ध्या आया तुम्ही काय म्हणताय ते एका वाक्यात समजणाऱ्या आहेत. तुमच्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुली पाळीच्या दिवसांत काय करतात तेही तिथे विचारा. ठराव लेखी घ्या, इतिवृत्तात येऊ दे, केंद्रप्रमुखांना प्रत द्या. आणि कडी बसवायला ठरावाची गरज नाही, ती या आठवड्यात बसू शकते.

प्रश्न : वय ३४, हिंजवडीत आयटीत आहे. यूएसचे कॉल साडेअकराला संपतात, मग मी एक-दीडपर्यंत मोबाईलवर रील्स बघत बसते, सकाळी सहाला डब्यासाठी उठते. कळतं की चुकीचं आहे पण तेवढाच माझा वेळ असतो ना दिवसातला, तो पण सोडू का?

उत्तर : नाही, तो वेळ सोडू नका, तो फक्त जागेवरून हलवा. दिवसभरात कुठेच मोकळी जागा मिळाली नाही की माणूस झोपेतून चोरतं, तुमचं तेच चाललंय, आणि साडेचार-पाच तासांच्या झोपेवर वजन, बीपी, चिडचिड, विसरणं सगळंच वाढत जातं. मोठ्या माणसाला सात तास लागतात. तेव्हा संध्याकाळी सात ते नऊ मध्ये, जेव्हा स्वयंपाक, अभ्यास आणि कॉलची तयारी एकदम चालू असते, तिथला एक तास घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी जायला हवा, पोळ्यांना बाई लावा, नाहीतर डबा नवऱ्याने करायचा असं ठरवा, तीन दिवस तरी. मॅनेजरशी पण बोला, आठवड्यातले पाचही कॉल तुम्हीच का घेताय? आणि एक विचारते, खरं उत्तर स्वतःला द्या. रील्स बघताना बरं वाटतं का, की नुसतं उद्या उजाडू नये असं वाटतं? दुसरं असेल, दोन आठवड्यांच्या वर उदास वाटत असेल, रडू येत असेल तर १४४१६ ला फोन करा, टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात.

प्रश्न : माझी पत्नी कोल्हापुरात कॉलेजला प्राध्यापिका आहे, वय ४७. मी शंभरदा सांगतो फुल बॉडी चेकअप करून घे, पैशाचा प्रश्न नाही, पण ती ऐकतच नाही. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करून कॉलेजला जाते, मग ॲसिडिटीने आडवी होते. हिला कसं समजवायचं?

उत्तर : दादा, काळजी आहे म्हणून पत्र लिहिलंत, त्याचं बरं वाटलं. पण शंभरदा सांगितलंत म्हणजे तिच्या कामांच्या यादीत शंभरदा एक काम वाढवलंत. चेकअपला जायचं म्हणजे रिकाम्या पोटी सकाळी आठला लॅबमध्ये, मग त्या दिवशी डबा कोण करणार, तुमच्या आईंचा नाष्टा कोण देणार, लेक्चर कोण घेणार? ते सगळं ठरवून तारीख तिच्या हातात द्या, ती ऐकेल असं मला वाटतं.

फुल बॉडीचं पॅकेज घ्यायची काहीच गरज नाही, त्यात निम्म्या तपासण्या उगाच असतात. ४७ ला एवढं बघा: बीपी, साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, टीएसएच, शाकाहारी असतील तर बी-१२, आणि गर्भाशयमुखाची तपासणी व छातीची तपासणी. शेवटच्या दोन पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नसतातच आणि त्याच सगळ्यात महत्त्वाच्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती, छातीची तर एकीचीही नाही धड. आणि ही तपासणी काही भारी मशीनची नसते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला, वीस वर्षं, त्यातल्या निम्म्यांची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली, छातीची नुसती हाताने आणि गर्भाशयमुखाची व्हिनेगर लावून. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे जवळपास ३० टक्क्यांनी. एवढ्याशा गोष्टीने! गर्भाशयमुखासाठी पॅप स्मिअर (तिथल्या पेशींची तपासणी) दर तीन वर्षांनी किंवा एचपीव्ही टेस्ट (कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) दर पाच वर्षांनी केली की पुरते. जुन्या करपद्धतीत असाल तर तपासणीचा ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च इन्कम टॅक्समध्ये वजावट म्हणून दाखवता येतो, रोख दिले असतील तरी.

उपासाचं त्यांच्यावर सोडा, ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि त्यात बाहेरच्याने बोलू नये. फक्त साबुदाणा आणि चहावर नऊ दिवस काढण्यापेक्षा दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा, फळं पोटात जातील एवढं बघा, आणि ते तुम्ही स्वतः करून द्या. या वयात पाळी अनियमित होते, रात्री घाम येतो, झोप उडते, चिडचिड होते, बऱ्याच जणी याबद्दल घरात एक अक्षर बोलत नाहीत. "ऐकत नाही" म्हणताय ते त्यातलंही असेल. एकदा शांतपणे विचारा, कसं वाटतंय तुला, आणि चेकअपचा विषय त्या दिवशी काढूच नका.

प्रश्न : मी नाशिकला सीए आहे, वय ३९, स्वतःची प्रॅक्टिस आहे. महिन्याभरापूर्वी आंघोळ करताना डाव्या छातीत छोटी गाठ लागली, सुपारीएवढी. दुखत अजिबात नाही म्हणून ठीक असेल असं वाटतं. सध्या टॅक्स ऑडिटचा सीझन आहे, ३० सप्टेंबर झाला की लगेच दाखवेन. तोपर्यंत थांबलं तर चालेल ना? घरी कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर : या ताईंना मी पत्र वाचलं त्याच दिवशी उत्तर पाठवलंय. इथे छापायचं कारण असं की अशी गाठ हाताला लागूनही कुणाला न सांगता कामावर जाणाऱ्या आणखी वाचक असणार.

नाही, थांबून चालणार नाही. दुखत नाही हे बरं लक्षण समजू नका, स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. त्याचबरोबर हेही खरंय की या वयात लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात, फायब्रोएडिनोमा किंवा पाण्याची गाठ, आणि ते बहुतेक वेळा काही दिवसांत कळून जातं. म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं. उद्या सर्जनकडे जा, ते हाताने तपासतील, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर सुईने तुकडा काढून तपासणी, त्याला ॲडमिट व्हावं लागत नाही. नुसत्या हाताने बघून "काही नाही, जा" असं कुणी म्हणालं तर सोनोग्राफी मागून घ्या. आईला, मावशीला, बहिणीला कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते आवर्जून सांगा. क्लायंटच्या फाइली आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांकडे दोन दिवस राहू शकतात, आणि एखादं ऑडिट अडलंच तर क्लायंटला सरळ सांगा की डॉक्टरकडे होते. आज रात्री घरात एका माणसाला सांगा, नवरा, बहीण, मैत्रीण, ज्यांच्याशी बोलता येतं ते, आणि उद्या त्यांना बरोबर न्या.